कुत्र्याला गाडी लागते, की गाडीची भीती वाटते? गोव्यातल्या कुत्रेवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे लोक आपली कुत्री ठेवून जातात. म्हापशाजवळच्या गावात घर आहे, आंगण मोठं आहे, कुंपण पक्कं आहे. कुत्रा सोडायला आलेला माणूस गेटातच सांगायला लागतो, ‘खरं तर बरोबरच नेला असता हो, पण गाडीत बसला की जीव नकोसा करतो.’ मग प्रश्न सुरू होतात. तेच ते फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी पशुवैद्य नाही. औषधाचा विषय आला की तुमच्या डॉक्टरांचं ऐका, माझं नको.

गाडीत बसला की लाळ गाळतो, कधी ओकतो. हे पोटाचं दुखणं की भीती?

दोन्ही असू शकतं. बघायचं ते इतकंच, की सुरू कधी होतं. गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे आणि हा दारापाशीच कान पाडून, शेपूट पायात घालून बसकण मारतो, तर ती भीती. उड्या मारत चढतो, सरळ रस्त्यावर मजेत असतो, आणि वळणं लागली की जांभया, जिभल्या चाटणं, लाळेची तार आणि मग ओकारी, तर त्याला गाडी लागते. तुम्हाआम्हाला लागते तशीच. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांपुढची सीट सांगते की सगळं जागच्या जागी आहे. पिल्लांमध्ये तो कानाचा भाग अजून पुरता तयार नसतो, म्हणून त्यांना जास्त त्रास होतो. मोठी होता होता बऱ्याच जणांचा तो कमीही होतो.

गोम पुढे आहे. दर वेळी ओकून हाल झालेलं पिल्लू मोठं होतं, पोट सुधारतं, पण गाडी दिसली की मळमळ आठवते. पोटातली गोष्ट डोक्यात जाऊन बसलेली असते. ‘लहान आहे, होईल सवय’ म्हणत दामटून नेणाऱ्यांच्या वाट्याला हा कुत्रा येतो.

तिसरा एक प्रकार आहे, त्याला मी राखणदार म्हणते. त्याला मळमळ नाही, चढायला कुरकुर नाही. पण खिडकीला नाक लावून दिसेल त्या स्कूटरवर, गाईवर, कुत्र्यावर तुटून पडतो. त्याचं वेगळं लिहिलंय खाली. तिन्हींचे उपाय निराळे आहेत. राखणदाराला उलटीची गोळी देऊन काही होत नाही, आणि गाडी लागणाऱ्याला कितीही खाऊ दाखवा, तो तोंड फिरवणारच.

आधी डॉक्टरला दाखवायचं का?

इतकी वर्षं मुकाट्याने बसणारा कुत्रा अचानक गाडी नको म्हणायला लागला, तर आधी डॉक्टरच. माझ्याकडे येणारी एक नऊ वर्षांची लॅब्राडोर अशीच दारापाशी रडायला लागली. घरचे म्हणत, हिला आता नखरे सुचतात. तिच्या मागच्या सांध्यांत संधिवात निघाला. उडी मारून चढणंच दुखत होतं. चार फळ्यांचा उतार करून दिला, चढायला लागली. दुसरं म्हणजे कान. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान आतून सतत ओले राहतात, तिथे संसर्ग होतो आणि तोल बिघडतो. मान वाकडी धरतोय, कान खाजवतोय, आणि गाडीत ओकतोय, हे तिन्ही एकत्र दिसलं तर प्रशिक्षणाच्या भानगडीत पडू नका.

भीती आहे हे कळलं. आता सुरुवात कुठून करायची?

गाडी न चालवण्यापासून.

आमचा काळू शिवोलीच्या बाजारातून आलेला, तेव्हा वर्षा-दीड वर्षाचा असेल. आल्यावर दहाव्या दिवशी मी आणि यजमानांनी त्याला पुढून-मागून धरून गाडीत कोंबला आणि सावंतवाडीला निघालो. सीमेवरचं पत्रादेवी यायच्या आधीच तो ओकला होता, मुतला होता, आणि सीटच्या खाली अर्धा घुसून थरथरत होता. चूक आमची. पण फेडायला दीड महिना लागला, आणि त्या दीड महिन्यातले पहिले तीन आठवडे गाडी जागची हलली नाही.

करायचं ते असं. गाडी आंगणात, सावलीत. चारही दारं उघडी, इंजिन बंद. चाकापासून कुत्रा जिथे निवांत उभा राहतो तिथे त्याचं रोजचं ताट ठेवायचं. काळूचं पहिलं ताट गाडीपासून चांगलं बारा पावलांवर होतं, माडाच्या बुंध्याशी. दर दोन-तीन दिवसांनी ताट दोन पावलं पुढे. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, ‘ये ये’ करून गळ्यातला पट्टा खेचायचा नाही. एक दिवस तो आपण होऊन पुढचे दोन पाय पायदानावर ठेवील. तेव्हा सीटवर उकडलेल्या चिकनचा तुकडा सापडला पाहिजे. तुकडे वाटाण्याएवढेच, म्हणजे पोट न भरता पुष्कळ देता येतात. (सुकी मासळी देऊ नका, कितीही आवडत असली तरी. मीठ फार असतं.)

इथे अंग वाचायला शिकावं लागतं. खाऊ घेतो, चावतो, मग अंग झटकतो, आळस देऊन बसतो, म्हणजे ठीक आहे. खाऊ हातातून हिसकावून गिळतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, मान गाडीकडे पण पाय मागे, तर तुम्ही घाई केलीत. एक पायरी मागे या. आणि ज्या क्षणी आवडीचा खाऊ तोंडासमोर असून घेतच नाही, त्या दिवशीचा धडा संपला, गाडीची दारं लावा.

बसायला लागला की दार लावणं. लावायचं, लगेच उघडायचं. मग इंजिन, पण पहिल्यांदा इंजिन सुरू करताना कुत्रा आत नको. दुसऱ्या माणसाने ते सुरू करावं, तुम्ही कुत्र्याबरोबर लांब उभं राहावं. आवाज आला की तुकडा. मग आत बसून. मग गेटपर्यंत आणि परत. मग कोपऱ्यावरच्या चौकापर्यंत. पहिल्या पाच-सहा फेऱ्या कुठेतरी मजेच्या जागी संपल्या पाहिजेत: कापणी झालेलं शेत, गावचं मैदान, सकाळची रिकामी वेळ. पुष्कळ कुत्री वर्षातून दोनदाच गाडीत बसतात आणि दोन्ही वेळा सुई टोचून घेऊन परत येतात. त्यांनी गाडीवर प्रेम का करावं?

अजून एक. आरशाला टांगलेलं ते लिंबाच्या वासाचं काढून ठेवा. आपल्याला मंद वाटतं. त्याच्या नाकाशी कोणी बाटली ओतल्यासारखं होत असणार. सीट घसरडी असेल तर जाड गोधडी किंवा रबरी चटई घाला. निसटती जमीन कुठल्याच चार पायांच्या प्राण्याला आवडत नाही.

किती दिवस लागतील? पुढच्या शनिवारी लग्नाला जायचंय.

शनिवारपर्यंत नाही होणार. लग्नाला जा, कुत्रा कोणाकडे तरी ठेवा. मधेच एखादा भयंकर प्रवास घडला तर केलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून शिकवण्याच्या काळात मोठा प्रवास टाळलेलाच बरा.

आमचा घाबरत नाही, भुंकतो. प्रत्येक दुचाकीवर. कानाचे पडदे फाटायची वेळ आली.

हाच तो राखणदार. त्याच्या बाजूने विचार करा. स्कूटर येते, हा भुंकतो, स्कूटर निघून जाते. आपल्याला ठाऊक आहे की ती तशीही जाणार होती. त्याच्या हिशेबी त्याने हाकलली! म्हापसा ते पणजी एवढ्या अंतरात तो अशी शेकडो वाहनं हाकलतो आणि दर खेपेला जिंकतो. जिंकणारा खेळ कोण सोडील? आणि गोव्यात दुचाकींना तोटा नाही. घरच्या वेगळ्या, पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले वेगळे, भाड्याच्या घेऊन डुलत जाणारे पर्यटक वेगळे.

पहिला उपाय अगदी साधा: दिसू देऊ नका. मागच्या काचांना जाळीचे पडदे लावा, किंवा क्रेट, म्हणजे न्यायचा पिंजरा असेल तर तीन बाजूंनी चादर टाका, हवा खेळेल अशी. पुष्कळ कुत्री एवढ्यानेच निम्मी शांत होतात. लोकांना हे उपाय वाटत नाही, पळवाट वाटते. मला नाही तसं वाटत. दर खेपेला भुंकून पक्की होत जाणारी सवय आधी थांबली पाहिजे, मग शिकवणं.

शिकवणं उभ्या गाडीत. रस्त्यापासून लांब, जिथून दुचाकी दिसते पण अंगावर येत नाही, अशा जागी गाडी लावा. कुत्र्याने दुचाकी पाहिली आणि अजून भुंकला नाही, त्या अर्ध्या सेकंदात ‘शाब्बास’ म्हणून तुकडा द्या. पाहिली, तुकडा. पाहिली, तुकडा. काही दिवसांनी तो दुचाकी पाहून आपोआप तुमच्याकडे वळून बघायला लागतो: आली बघ, कुठाय माझा? तिथून हळूहळू रस्त्याच्या जवळ. भुंकायला लागला तर जागा चुकली, त्याची चूक नाही, लांब न्या.

क्रम मात्र सांभाळा. आमच्या काळूला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भोंप्याचं वाकडं. सकाळ-संध्याकाळ सायकलीवर पाटी बांधून पोदेर येतो, प्वांक प्वांक करतो, आणि हा गाडीत असो वा घरात, छपरापर्यंत उडतो. मी काय करायची, पोदेर वळणावर दिसला की लगबगीने पिशवीतून खाऊ काढायची, म्हणजे भोंपू वाजेपर्यंत हा खाण्यात गुंतलेला राहील. चार दिवसांत असं झालं की पिशवीची सळसळ ऐकली तरी तो ताठ व्हायचा, कारण पिशवी वाजली की भोंपू येतो हे त्याला कळलं होतं. उलटं झालं होतं सगळं. आधी भोंपू, मग पिशवी. हा एवढा फरक मला कळायला आठवडा गेला. शेवटी पोदेरालाच सांगितलं, बाबा, आमच्या गेटापासून थोडा लांब उभा राहून वाजव, आणि पाव दोन जास्त घेते. बिचारा वाजवायचा.

दोन फटके दिले तर? किंवा तो शॉक देणारा पट्टा मिळतो, तो?

नको. स्कूटर दिसली की गळ्याला झटका बसतो, तेव्हा कुत्रा शिकतो ते ‘भुंकू नये’ असं नसतं, ‘स्कूटर आली की दुखतं’ असं असतं. वरवर गप्प होईल, आतून जास्त भ्यायलेला राहील, आणि असा गप्प कुत्रा एक दिवस गुरगुरल्याशिवाय चावतो. चालत्या गाडीत मागे वळून ओरडणं तर निव्वळ धोका. त्याला वाटतं, तुम्हीही भुंकताय.

घाबरलेला असताना कुरवाळलं तर भीती वाढते म्हणतात.

भीती ही भावना आहे, नमस्कार करण्यासारखी युक्ती नव्हे. कुरवाळून तिला बक्षीस मिळत नाही. तो टेकून बसू पाहत असेल तर खुशाल बसू द्या, हळू आवाजात बोला. फक्त ‘अगो बाय, काय झालं माझ्या बाळाला’ असा गळा काढू नका. तुमचा सूर चढला की त्याला वाटतं, खरंच काहीतरी झालंय.

बसवायचं कुठे? मांडीवर घेतला की शांत राहतो.

मांडीवर तो शांत राहील, पण ब्रेक जोरात लागला तर तो हातात राहत नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर कुत्र्याला जबर इजा होते. चालवणाऱ्याच्या मांडीवर तर अजिबात नको, मग तो पामेरियन असला तरी. मागची सीट, अंगात छातीवरून जाणारा हार्नेस, आणि तो सीटबेल्टच्या खाचेत अडकणाऱ्या आखूड पट्ट्याला जोडलेला. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही जोडू नये, झटक्यात मान जाते. क्रेट असेल तर उत्तम, पण तो बांधलेला हवा, आणि त्याची सवय घरात आधी झालेली हवी. बंद डिकीत घालून नेणारे अजून आहेत. प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहनातून नेणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, त्यांच्या माहितीसाठी.

खिडकीबाहेर तोंड काढायला आवडतं त्याला.

आवडतं खरं. पण डोळ्यांत खडी, किडे जातात, आणि समोर मांजर दिसलं की अख्खा कुत्रा बाहेर जातो. चार बोटं काच खाली पुरे. मागच्या काचांचं बटण पुढून लॉक करा. माझ्या ओळखीत एकाच्या कुत्र्याने पंजाने काच पूर्ण उतरवली होती.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दहा मिनिटांचं काम. गाडीत ठेवला तर?

नाही. यात मी कोणाची समजूत घालत बसत नाही.

बाहेर 24 अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत 34 अंशांवर आणि अर्ध्या तासात 43 च्या आसपास जाते. आपल्याकडे 24 अंश म्हणजे थंडीतली सकाळ. मे महिन्यात सुरुवातच तेहतीस-चौतीसला होते. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून जिभेवरचं, तोंडातलं पाणी हवेत उडवतो आणि त्यावर थंड होतो. गोव्याच्या दमट हवेत ते पाणीच लवकर उडत नाही. म्हणजे त्याचं मुख्य हत्यार इथे बोथट. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांचं तर आणखी कठीण. आणि भीतीने धापा टाकणारा कुत्रा मुळातच तापलेला असतो.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस. ते 41 च्या वर गेलं की उष्माघात. जीभ आणि हिरड्या लालबुंद, घट्ट चिकट लाळ, झोकांड्या, उलटी. तसं दिसलं तर आधी सावलीत नेऊन नळाच्या पाण्याने सबंध अंग भिजवा, पंखा किंवा एसी अंगावर घ्या, आणि मग तशाच ओल्या अंगाने डॉक्टरकडे धावा. ओला टॉवेल नुसता पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

निघण्याआधी खायला किती वेळ आधी द्यावं?

भरपेट जेवण तीन-चार तास आधी आटपा. अगदी रिकाम्या पोटीही काहींना पित्त होऊन ओकारी येते, त्यांना निघताना एक टोस्ट किंवा थोडा भात चालतो. पाणी बंद करू नका, थोडं थोडं द्या. दर दोन तासांनी उतरवा. दार उघडायच्या आधी दोरी हातात असली पाहिजे. हरवलेली कुत्री पुष्कळदा अशा थांब्यावरच हरवतात. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच.

चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय. किंवा काणकोणला, करमल घाटाच्या वळणांतून.

गाडी लागणाऱ्याला वळण मारतं, अंतर नव्हे. साखळी-केरीपर्यंत ठणठणीत असलेला कुत्रा चोर्ल्याच्या तिसऱ्या वळणाला मान टाकतो. घाट लागायच्या आधी थांबून पंधरा मिनिटं चालवा. काच थोडी खाली, एसी गार, वेग कमी, आणि वळणात ब्रेक मारण्याऐवजी वळणाच्या आधीच वेग उतरवा. बाहेरचं झाकलं तर काहींना बरं वाटतं, काहींना समोरचा रस्ता दिसला तर. तुमचा कुठल्यातला, हे दोन्ही करूनच कळेल.

आमची गाडी लागण्यावरची गोळी, अव्होमिन, अर्धी करून दिली तर चालेल?

शेजारणीने दिली म्हणून नको. कुत्र्याचं वजन, यकृत, चालू असलेली औषधं बघून डॉक्टर ठरवतात. कुत्र्याच्या गाडी लागण्यावर खास औषध आहे, मॅरोपिटंट. ते निघण्याच्या किमान दोन तास आधी, थोड्याशा खाण्याबरोबर देतात. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांना त्यासाठी देत नाहीत. ते ओकारी थांबवतं, भीती नाही. भीतीसाठी ट्राझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधं डॉक्टर लिहून देतात, आणि ती घेणं म्हणजे हरणं असं मानू नका. डोकं जरा शांत असलं तरच कुत्रा काही शिकतो. फक्त पहिला डोस प्रवासाच्या दिवशी नको, आधी एखाद्या रविवारी घरी देऊन बघा. काही कुत्री उलट जास्त अस्वस्थ होतात.

एका जुन्या औषधाबद्दल मात्र विचारून घ्या: असेप्रोमाझिन. त्याने अंग लुळं पडतं, पण भीती तशीच राहू शकते, आणि काही कुत्री आवाजाला जास्त दचकतात. बाहेरून वाटतं छान झोपलाय. माणसाची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन तर औषधाच्या डब्यातच राहू द्या, कुत्र्याला ती विषारी ठरतात.

फेरीबोटीवर गाडी चढवली की वेडा होतो.

साहजिक आहे. लोखंडी फळी धाडकन पडते, इंजिनाची धडधड पायांतून वर येते, आणि चारी बाजूंनी दुचाकी अगदी काचेला चिकटून उभ्या. राखणदार आणि भित्रा, दोघांनाही एकदम पुरेपूर. आधी दोन-तीन वेळा रायबंदर किंवा बेतीच्या धक्क्यापासून लांब उभं राहून फळीचा आवाज ऐकवा, तुकडे द्या, परत या. मग दुपारी गर्दी नसताना एक फेरी. पडदे लावलेले, एक माणूस मागे त्याच्या शेजारी. चोडणला जाऊन जरा हिंडवा आणि मग परतीची बोट, लागोपाठ दोन धडाके नकोत. फेरीत कुत्र्याला गाडीबाहेर काढू नका.

चतुर्थीला मूळ घरी जावंच लागतं. फटाके, गर्दी, सगळं.

चतुर्थीला अर्धा गोवा गाडीत असतो. आदल्या दिवशी संध्याकाळी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान, मुलं, कुत्रा, सगळं एकाच गाडीत कोंबून निघू नका. शक्य तर दोन दिवस आधी सकाळी निघा. आरतीनंतर फटाके फुटणार हे ठरलेलं आहे, तेव्हा मूळ घरातली आतली एक खोली आधीच मागून घ्या: खिडक्या बंद, पंखा मोठा, त्याचं अंथरूण, आणि बाहेरून कडी. गाडीची सवय नुकती लागलेल्या कुत्र्याला मात्र त्या आठवड्यात नेऊ नका, कारण तो फटाक्यांची भीती गाडीच्या खात्यावर टाकतो. दिवाळीच्या आदल्या रात्री, नरकासुराचे पुतळे निघतात तेव्हा, तर रस्त्यावर निघूच नये. रात्रभर ढणढणाट, पहाटे दहन, आणि प्रत्येक वाड्यावर गाडी अडणार.

रस्त्यावरचा मोठा कुत्रा घरात घेतला. घरात देवमाणूस, गाडी दिसली की पळतो.

त्याचा कान बघा. कानाला खाच असेल तर निर्बीजीकरणासाठी त्याला कधीतरी पकडून नेलेलं आहे. जाळं, वाहन, अनोळखी जागा, शस्त्रक्रिया, असा त्याचा वाहनाचा पहिला अनुभव. त्याच्या आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या भल्याचंच काम ते, पण त्याला कोण सांगणार? अशा कुत्र्यासाठी वरचाच क्रम, फक्त प्रत्येक पायरीला तिप्पट वेळ. मागून दार बंद करून कोंडू नका, बरेच दिवस दोन्ही बाजूंची दारं उघडी ठेवा, म्हणजे एका बाजूने चढून दुसरीकडून उतरता येतं. निसटता येतंय हे कळलं की थांबायला तयार होतात.

पेट्रोल पंपावर, तपासणी नाक्यावर माणूस खिडकीशी आला की अंगावर धावतो.

काच चालवणाऱ्याच्या बाजूची तेवढीच उघडा, मागचे पडदे तसेच. गाडी थांबायच्या आधीच, म्हणजे वेग कमी होताच, मागच्या माणसाने सीटवर चार-पाच तुकडे विखरून टाकावेत. नाक खाली गेलं की डोळे खिडकीवर राहत नाहीत. लसीकरणाची वही जवळ ठेवा, रेबीजची नोंद ताजी हवी. राज्याची सीमा ओलांडताना आणि हॉटेलात ती उपयोगी पडते.

चढवताना मला चावला.

आधी तुमची जखम: साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्रा घरचा आणि लस घेतलेला असला तरी. गोव्यात रेबीजविरुद्ध अनेक वर्षं मोहीम चालू आहे म्हणून गाफील राहू नका. मग कुत्रा. त्याला उचलून चढवणं आजपासून बंद. टोपलीसारखं तोंडबंद मिळतं, ज्यात तोंड उघडता येतं, धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. त्याची सवय घरी खाऊ घालत लावा. कापडी आवळपट्टी गाडीत कधीच नको, धाप कोंडते. आणि चावण्यापर्यंत मजल गेली असेल तर माझ्यासारख्या बाईच्या सल्ल्यावर थांबू नका, वर्तनाचं जाणणाऱ्या पशुवैद्याला दाखवा.

दोन कुत्री आहेत. एक शांत, एक भित्रा. शांताकडे बघून भित्रा शिकेल?

कधी कधी. उलटंही होतं. आधी दोघांना वेगवेगळं शिकवा आणि मधे आडोसा ठेवा.

एवढं करून नाहीच जमलं तर?

तर नेऊ नका. काही कुत्र्यांना घर, आंगण आणि तोच तो पोदेर एवढंच जग पुरतं. डॉक्टर घरी येतील का ते विचारून ठेवा, आणि आणीबाणीत न्यावंच लागलं तर क्रेट, तोंडबंद आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी एका पिशवीत तयार ठेवा. सुट्टीला कोणाकडे ठेवणार असाल तर आदल्या आठवड्यात दोनदा तासभर आणून सोडा, त्याच्या ताटासकट. अंथरूण धुऊन आणू नका, वास राहू द्या. आणि मे महिन्यासाठी मार्चमध्येच फोन करा. एप्रिल उजाडला की माझ्याकडे जागा नसते.